रायीतला पातेरा

माघ संपत आला तरी त्या वर्षी माकडं बागेत उतरली नाहीत.

दरवर्षी काजीला बोंडू धरले की वरच्या रायीतून त्यांची टोळी यायची, अर्धं खायची, अर्धं नासायची, आणि मथुराचा नवरा बाळा पत्र्याचा डबा बडवत ऊर फुटेस्तोवर त्यांच्यामागे धावायचा. यंदा डबा मांगरातल्या, अवजारांच्या छपरातल्या, खुंटीवरून खाली आला नव्हता. बाळा खुशीत होता. "रानाचो राखणदार पावलो आमका," म्हणायचा. मथुराला मात्र सकाळी गोठ्यात शेण भरताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गायींच्या रवंथीचा आवाज होता, व्हाळाच्या पाण्याचा होता, कोंबड्यांचा होता. पण वरून, डोंगराच्या अंगाने, काहीच येत नव्हतं.

बेलखोल ही घाटाच्या पायथ्याची अकरा घरांची वाडी. इथून पुढे रस्ता नाही, रानच. मथुरा आणि बाळाची जमीन वाडीच्या शेवटाला, रायीला टेकून. जमीन थोडकीच. व्हाळालगत भाताचे पाच कुणगे, त्यावर कुळीथ-नाचणीची भरड जमीन, आणि चढणीला काजीची, म्हणजे काजूची, साठेक झाडं. गोठ्यात चार कपिला गायी, एक बैलजोडी, मागच्या खोपीत सात शेळ्या. एवढ्यावर त्या दोघांचं घर चाललं होतं आणि मुलगी तेजस्वी पुण्यात शिकून नोकरीला लागली होती.

ही शेती चालायची ती रायीच्या जिवावर. उन्हाळ्याच्या तोंडाला राय पानं गाळायची. तो वाळला पातेरा हारे भरभरून आणायचा, गोठ्यात गायींच्या पायाखाली पसरायचा, शेणमुताने भिजला की गायरीत, खताच्या खड्ड्यात, टाकायचा, आणि पावसाआधी कुजून काळं झालेलं ते खत कुणग्यांत घालायचं. खताची गोण बाळाने कधी विकत आणली नव्हती. फवारणीचा पंप घरात नव्हता. मथुरा सून होऊन आली तेव्हा सासऱ्याने तिला पहिलं काही दाखवलं असेल तर ती गायरी. त्यात हात घालून मूठभर खत त्याने तिच्या नाकाशी धरलं होतं, आणि तिला घाण वाटली नाही म्हणून तो हसला होता.

पातेऱ्याला मथुराच्या जोडीला राधाबाई असायची. पलीकडच्या घरातली, पासष्टीची, एकटी. मुलगा निलेश मुंबईत. राधाबाईकडे गाय नव्हती, कोंबड्या होत्या. ती मथुराच्या गोठ्यासाठी पातेरा आणायची आणि मथुरा तिला दूध आणि परसातल्या भाजीपुरतं खत द्यायची. असं किती वर्षं चाललं होतं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. पौषापासून शिमग्यापर्यंत रोज सकाळी राधाबाई पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारायची, आणि दोघी रिकामे हारे डोक्यावर घेऊन वर जायच्या.

एका मंगळवारी मथुरा बोंडू वेचायला चढणीवर गेली. दगडी गडग्याला लागून शेवटची काजी. तिच्या बुंध्याशी एक माकड बसलं होतं. मथुरा दहा हातांवर आली तरी ते हललं नाही. तिने "हाड्" केलं, खडा उचलल्यासारखं केलं. माकडाने नुसती मान वळवली. डोळे लाल होते आणि तोंडाशी काहीतरी वाळलं होतं. थकलेला माणूस वाटेत कुणी भेटला तर बघतो, तसं ते तिच्याकडे बघत राहिलं. मथुरा पाटी तशीच टाकून खाली आली.

बुधवारी सकाळी ती बाळाला घेऊन गेली तेव्हा ते तिथेच आडवं झालं होतं. मुंग्या लागल्या होत्या. आवाज ऐकून शेजारच्या बागेतून शंकर आला. शंकर बाळाचा चुलतभाऊ. त्याची बाग गडग्याला गडगा लागून, मोठी, आणि वाडीत टेम्पो होता तो एकट्या त्याचाच. त्याने माकडाकडे बघितलं आणि त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"वयनी, तू हात लावलंस नाय मां?"

"नाय."

"बरा केलंस. आता ह्या खंय बोलू नको."

"कित्या?"

"कित्या म्हणान इचारतंस? गेल्या साली डोंगरापलीकडे काय झाला ता ऐकलंस नाय? एका माकडाचा कळवल्यानी, तर रान म्हयनोभर बंद. काजी झाडाखाली कुसली. दुधाची गाडी येवची बंद झाली. त्या वाडीतल्याच्या हातचा पाणी कोण पिवक तयार नाय होतो."

"पण माकडतापच आसलो तर?"

"माकडां मरतत, वयनी. दर साल मरतत. ह्या पाचवा."

मथुराने बाळाकडे पाहिलं. बाळा जमिनीकडे बघत होता.

"पाचवा?"

"चार मी पुरलंय. वर रायीत, पाणंद वळता थंय."

पाणंद वळते तिथे ऐनाची आणि किंजळीची मोठी झाडं होती. पातेरा तिथेच सगळ्यात जाड पडायचा. गेले पंधरा दिवस मथुरा आणि राधाबाई तिथूनच हारे भरत होत्या. हाताने ओढून, उराशी दाबून, पायाने चेपून.

शंकरने काठीने माकड गोणपाटावर घेतलं आणि नेलं. मथुरा तडक गोठ्यात आली. तिने तांबू गायीचा कान उलटा करून उजेडात धरला. मोठे गोचीड तिला माहीत होते. ते गायी चरून आल्या की ती रोजच काढायची, करंजाचं तेल लावायची. हे तसे नव्हते. कानाच्या आतल्या मऊ कातडीवर तीळ सांडल्यासारखे बारीक बारीक ठिपके होते. तिने नखाने एक उचलला. तो तिच्या बोटावर चालायला लागला. मेल्या माकडांवरून उतरलेले असले गोचीड चावले की माणसाला तो ताप येतो, हे तिने ऐकलं होतं.

तिने दुसऱ्या गायीचा कान बघितला. मग तिसरीचा. मग ती पायाखालच्या पातेऱ्याकडे बघत राहिली. घोट्यापर्यंत तो मऊ, उबदार पातेरा होता, आणि ती त्यात अनवाणी उभी होती.

दुपारी जेवताना बाळा म्हणाला, "आठ दिस गप रव. काजी उतरांदेत. मगे मी स्वता जावन सांगतंय."

"आणि कोणाक काय झाला तर?"

"इतकी वर्सां आपण त्या रानात वावारतव. काय झाला? शंकराचा सगळा त्या बागेर आसा. त्याका बुडवन आपणाक काय गावतला?"

मथुराने ताटं उचलली. ती बाळाला भ्यायली नव्हती, शंकरलाही नाही. आपल्या गोठ्यापुढे दुधाची गाडी थांबत नाही, वाटेवरून जाणारा माणूस तोंड फिरवतो, हे तिने मनात बघितलं आणि तिची जीभ आत वळली. आठच दिवस, असं तिने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी पाणंदीतून हाक आली.

"मथुरा गो! चल्लंस काय?"

मथुरा गोठ्याच्या दारात उभी होती. राधाबाई गडग्यापलीकडे, कासोटा वर खोचलेला, डोक्यावर हारा, पोटऱ्या उघड्या. सकाळचं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. आता सांगायचं, मथुराच्या मनात आलं. दोन शब्द तर सांगायचे. पण दोन शब्दांवर राधाबाई थांबली नसती. तिने विचारलं असतं, कोणी पुरली, कधी पुरली, आणि दुपारपर्यंत ते अकरा घरांत झालं असतं.

"नाय ओ काकी. गुडघो दुखता आज. तुमी जावा."

"बस तर तू. तुज्या गोठ्याक मी टाकतंय हाडून."

राधाबाई गेली. तासाभराने आली, हारा गोठ्याच्या दारात उपडा केला आणि पदराने मान पुसली. "आज वायच पिसवा चावल्यासारख्या वाटता," ती म्हणाली. मथुराने तिला पाणी दिलं. बाळाने संध्याकाळी तो पातेरा काठीने ढकलून मांगरामागे लावला. गोठ्यात कुणी पसरला नाही.

शुक्रवारीही राधाबाई गेली. शनिवारी मथुराने सांगितलं, "काकी, पातेरो खूप झालो. आता नको." राधाबाईला ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण पातेरा खूप झाला असं त्या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. पण ती बरं म्हणाली.

पुढच्या गुरुवारी राधाबाई उठली नाही.

मथुरा दूध घेऊन गेली तर ती पडवीवर गोधडी घेऊन पडली होती. अंग चुलीसारखं तापलेलं. डोकं फुटतंय म्हणत होती, कंबर आणि मांड्या कुणी ठेचल्यासारख्या दुखतात म्हणत होती. डोळे उघडले तेव्हा लाल दिसले. ते डोळे मथुराने गडग्याजवळ पाहिले होते.

वाटेत शंकर भेटला. "उनाचो ताप आसतलो," तो म्हणाला. "पॅरासिटामॉल दी." मथुरा त्याला वळसा घालून पुढे गेली. घरीही थांबली नाही. व्हाळ ओलांडून, पायवाटेने अर्ध्या तासावर आरोग्य केंद्राच्या आशाताई स्वप्नाचं घर होतं. स्वप्ना भाकऱ्या थापत होती. मथुराने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. माकड, शंकरने पुरलेली चार, पाणंदीचं वळण, राधाबाईचा ताप. स्वप्नाने तव्यावरची भाकरी न उलटता चूल विझवली आणि फोन हातात घेतला.

दुपारी सरकारी गाडी आली. डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. त्यांनी राधाबाईच्या मानेमागे, काखेत, गुडघ्याच्या खोबणीत बघितलं. चावल्याच्या तीन खुणा होत्या. रक्त काढलं. मग वही उघडून मथुराला विचारलं, "माकडं मरतायत हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवस," मथुरा म्हणाली.

"आणि आजी त्या ठिकाणी शेवटच्या कधी गेल्या?"

"शुक्रवारी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मान वर करून ते काही बोलतील म्हणून मथुरा थांबली होती. त्यांनी वही मिटली आणि राधाबाईला गाडीत घालायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. हातमोजे, पायात गमबूट, तोंडाला फडकी. शंकरने त्यांना पुरलेल्या जागा दाखवल्या. बोट पुढे करायचा आणि मागे सरायचा. त्यांनी उकरलं, जाळलं, रायीच्या कडेला पांढरी भुकटी मारली. पातेऱ्यावर चुना सांडल्यासारखी ती पांढरी पट्टी वाडीतून दिसायची. गायींना औषधाच्या पाण्याने धुतलं आणि त्यांचं दूध काही दिवस वापरू नका म्हणून सांगितलं. ज्या घरात फवारणीचा पंप आला नव्हता, तिथल्या गोठ्याच्या भिंतींवरून औषध ओघळत होतं.

शेवटी त्यांनी मांगरामागचा ढीग आणि गायरी दाखवून बाळाला सांगितलं, हे जाळा. ढीग भसकन पेटला. गायरी पेटेना. ओलं शेण आणि अर्धा कुजलेला पातेरा आतल्या आत धुमसत राहिला. दोन दिवस त्या धुराचा कडवट वास कपड्यांत, केसांत, पेजेत होता. बाळा दाताळं हातात घेऊन कडेला बसून होता. तो मथुराला एका शब्दाने बोलला नाही. गायरीत निखारा दिसला की तेवढा वरखाली करायचा.

राधाबाईचा रिपोर्ट आला. माकडतापच होता. तिला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. हिरड्यांतून रक्त आलं, दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. निलेश मुंबईहून आला. नवव्या दिवशी ताप उतरला, बाराव्या दिवशी ती घरी आली. गाडीतून उतरताना हसली. वाडीतली माणसं लांबून का होईना, बघायला आली. एवढं होऊन म्हातारी सुटली म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला. चार दिवसांनी निलेशही रजा संपली म्हणून परत गेला. जाताना मथुराला म्हणाला, "वयनी, तुमी आसास म्हणान मी जातंय."

पण स्वप्नाने मथुराला दारात थांबवून हळूच सांगितलं होतं. "मथुराकाकी, हा ताप कधीकधी परत फिरता. तिसऱ्या आठवड्यात. डॉक्टरांनी सांगितल्यानी, तितके दिस नजर ठेवा. परत इलो तर डोक्यात जाता."

मथुराने दिवस मोजायला घेतले. रोज सकाळी ती पेज करून न्यायची, राधाबाईच्या कपाळाला हात लावायची, आणि तो हात थंड लागला की दिवस पुढे ढकलायची. राधाबाई घरापुढच्या खळ्यात बसून कोंबड्यांकडे बघत पेज प्यायची आणि बोलायची. "तू नसतंस तर मी खंयची जगतंय?" असं एकदा म्हणाली. मथुरा उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

सतराव्या दिवशी तिने सांगितलं. राधाबाईच्या हातात पेजेचं भांडं होतं.

"काकी, शंकरभावजीन वर माकडां पुरलली ता माका ठावक होता. तुमी माका हाक मारलास, तेच्या आदल्या दिसा कळलला. माजो गुडघो दुखत नाय होतो."

एक कोंबडी राधाबाईच्या पायाशी येऊन टोचत होती. तिने पाय बाजूला घेतला.

"म्हणजे तू घरात रवलंस," ती सावकाश म्हणाली, "आणि माका जावक दिलंस."

"होय."

राधाबाईने पेज संपवली. शेवटचं शीत बोटाने पुसून घेतलं. भांडं जमिनीवर ठेवलं आणि मथुराच्या बाजूला सरकवलं.

"उद्यापासून पेज हाडू नको."

मथुरा भांडं घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. पण दूध काढताना तिचं तोंड राधाबाईच्या घराकडे होतं. कौलांतून धूर निघाला. म्हणजे चूल पेटली, म्हणजे उभी आहे. तिसऱ्या दिवशीही निघाला, जरा उशिराने.

विसाव्या दिवशी धूर दिसला नाही. मथुराने चारही गायींचं काढलं, शेळ्या सोडल्या. तोपर्यंत ऊन गोठ्याच्या उंबऱ्याला आलं. राधाबाईच्या कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्याच ओरडत होत्या. मथुराने चरवी जमिनीवर ठेवली आणि धावत सुटली.

राधाबाई चुलीपुढे कुशीवर पडली होती. हातात काडेपेटी होती आणि काड्या सगळ्या जमिनीवर सांडल्या होत्या. तिचे दोन्ही हात थरथरत होते. थंडीने कापावं तसे नव्हेत. मनगटापासून, दोरी ओढल्यासारखे, थांबतच नव्हते. मथुराने हाक मारली तर तिने डोळे फिरवले आणि भलत्याच माणसाचं नाव घेतलं, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं.

सरकारी गाडी यायला दोन तास लागले असते. टेम्पो होता शंकरकडे. मथुराने कळवलं त्या दिवसापासून शंकर तिच्याशी बोललेला नव्हता. त्याच्या काजी झाडाखाली कुजत होत्या, वेचायला माणूस येत नव्हता. मथुरा त्याच्या खळ्यात जाऊन उभी राहिली. "भावजी, काकीक परत इलो," एवढंच तिला म्हणता आलं. शंकर पायरीवर बसला होता. तो उठला, आत गेला आणि चावी घेऊन बाहेर आला.

मागे गोधड्यांवर राधाबाई, तिला धरून बाळा. पुढे शंकरच्या बाजूला मथुरा. टेम्पो डांबरी रस्त्याला लागला. मग समोरच बघत शंकर म्हणाला, "चार नाय, वयनी."

"काय चार नाय?"

"चार पुरलंय ती खरी. ता पाचवा आणि आणखी तीन मी व्हाळापलीकडे बांबूच्या बेटात टाकलंय. पुरूक येळ नाय होतो."

व्हाळापलीकडच्या वाडीतल्या बाया त्या बेटात सरपणाला जायच्या. पोरं शाळेत जायची वाट तिथूनच होती. मथुराने कमरेचा फोन काढला. शंकरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि गिअर बदलला. त्याने तिला थांबवलं नाही, आणि थांबवलं असतं तरी ती थांबली नसती. "स्वप्ना," ती मोठ्याने म्हणाली, "आदी लिवन घे. बांबूचा बेट. आजच माणसां धाड."

त्याच दिवशी माणसं बेटात गेली. त्या वाडीतला बाबली नावाचा गुराखी दोन दिवस तापाने पडून होता आणि घरच्यांनी ते उन्हावर घातलं होतं. त्याला तेव्हाच उचललं, म्हणून तो महिन्याभराने चालत घरी आला. बाकी कुणाला झालं नाही. किंवा झालं असेल आणि कळलं नसेल.

राधाबाई वाचली. पंचवीस दिवस गोव्याच्या हॉस्पिटलात होती. पण हातांचं थरथरणं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल, नाहीतर राहीलही. तिला चमचा धरता येईना, काडी ओढता येईना. एकटीने राहणं संपलं. निलेश गाडी घेऊन आला आणि तिला हॉस्पिटलातूनच मुंबईला घेऊन गेला. जाताना गाडी वाडीत पाच मिनिटं थांबली, कपडे घ्यायला. मथुरा गडग्याशी उभी होती. राधाबाई काचेआड बसून होती. तिने घराकडे बघितलं, परसाकडे बघितलं. मथुराच्या अंगावरून नजर गेली आणि थांबली नाही. कोंबड्या निलेशने मथुराच्या खोपीत आणून सोडल्या.

पाऊस आला आणि राय हिरवी झाली. पावसात हे गोचीड नसतात, स्वप्नाने सांगितलं होतं. चार महिने वाडी विसरल्यासारखी वागली. बाळाने कुणग्यांत खताशिवाय लावणी केली; रोपं उभी राहिली पण पिवळसर, कणसं हलकी. त्याने भाताच्या पेंढ्याचा चुरा करून गोठ्यात घालायला सुरुवात केली. गायरी पुन्हा भरायला घेतली होती, गणपती गेले तरी ती तिसरा हिस्साच भरली होती. मथुरा निलेशला फोन करायची. "आई माजी चौकशी करता काय?" असं तिने एकदा विचारलं. निलेश खोटं बोलणारा नव्हता. "नाय, वयनी," तो म्हणाला.

दिवाळी झाली. थंडी पडली. मार्गशीर्षात ऐनाची पानं तांबूस झाली आणि गळायला लागली. रायीच्या तोंडाशी बाळाने काट्यांची वय घालून वाट बंद केली. तिच्यापलीकडे पाणंद दिसेनाशी होत चालली होती. दोन वर्षांचा पातेरा तिच्यावर साचत होता, कुणी न ओढलेला, आणि वारा नसतानाही त्यात कुठेतरी कुरकुर व्हायची.

एका दुपारी निलेशचा फोन आला. आवाज आनंदाचा होता. "वयनी, आई म्हणता शिमग्याक गावाक जावया. पयल्यांदाच काय तरी मागल्यान. मी रजा टाकतंय."

मथुराने वर रायीकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "शिमग्याक हाडू नको तिका."

मग निलेश वेगळ्याच आवाजात म्हणाला, "वयनी, तिना माका सगळा सांगितल्यान आसा. तरी मी तुमका एक शब्द बोललंय नाय. आता ती आपल्या घराक येता म्हणता, तर तुमका ती नको?"

तेवढ्यात मागून म्हातारा आवाज आला, "दी हय." फोनवर किणकिण ऐकू आली, बांगड्या फोनवर आपटत होत्या, एकसारख्या, थांबत नव्हत्या.

"बोल," राधाबाई म्हणाली.

दहा महिन्यांनी तो आवाज मथुराच्या कानावर पडत होता. तिने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"काकी, तुमी शिमग्याक येव नकात. पातेरो पडाक लागलो. गेल्या सोमवारी घाटाच्या अंगाक एक माकड गावला, मेलला. मी त्याच घडयेक कळवलंय. माणसां येवन गेली, पण आणखी आसतीत. तुमचा अंग आता तां सोसूचा नाय. पाऊस लागलो की येवा. रागावलास तरी चलात, पण आता येव नकात."

बांगड्या किणकिणत राहिल्या. खाली कुणग्यात बाळा बैलांना हाकत होता, त्याचा आवाज येत होता.

"पावसात माजा घर गळता," राधाबाई म्हणाली.

"कौलां मी परतून घेतंय."

"मागच्या वाशाक वाळवी आसा."

"तोय बदलतंय."

मग राधाबाई "बरा" म्हणाली आणि फोन बंद झाला.

मथुराने, गोचीड लागू नयेत म्हणून स्वप्नाने दिलेली, तेलाची बाटली घेतली आणि पायांना, हातांना, मानेला चोळून चोळून तेल लावलं. बाही खाली ओढली, पायात गमबूट चढवले. गायी चरून यायची वेळ झाली होती. एकेकीचा कान उजेडात धरून बघायचा होता, आणि ऊन रायीआड उतरायला लागलं होतं.